चर्चगेट शेवटचे स्थानक कसे झाले, आणि चार फलाटांवर एवढ्या गाड्या कशा मावतात?

ओव्हलकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार. गेली बावीस वर्षे मी नोकरीसाठी बोरिवलीहून चर्चगेटला येतो. पण या स्थानकाकडे गाडी पकडण्याची जागा यापलीकडे कधी पाहिले नव्हते. मागच्या महिन्यात आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा उलगडताना १९२९ सालचे एक पोस्टकार्ड हाती लागले. त्यात त्यांनी थोरल्या बंधूंना कळवले आहे की, 'कचेरी सुटल्यावर उलटा कुलाब्यास जाऊन गाडीत बसतो, म्हणजे जागा मिळते. आठाच्या आत पार्ल्यास पोहोचेन.' आजोबांची कचेरी फोर्टात होती. म्हणजे चर्चगेट जवळ असूनही ते कुलाब्याला जात होते आणि तेथून गाडी सुटत होती.

तेव्हापासून रोज गाडीतून उतरलो की मी दक्षिणेकडे पाहतो. रूळ जेथे संपतात तेथून सरळ रेषेत पुढे स्थानकाचे दालन, मग वीर नरिमन रस्ता आणि त्यापलीकडे इरॉसची इमारत. येथून पुढे कधीकाळी गाडी जात असेल, हे डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते. जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. मार्ग कुलाब्यापर्यंत होता, तर तो का काढला? नावातले 'गेट' कोणते, कारण स्थानकाजवळ कोठेही वेस दिसत नाही? आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर केवळ लोकलसाठी सात फलाट असताना चर्चगेटचे काम चार फलाटांत कसे भागते? शक्यतो सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना नकाशा यांचे उत्तर:

आजोबांचे पोस्टकार्ड जपून ठेवा. त्यांनी लिहिले आहे त्यातील शब्द न् शब्द खरा असणार, कारण १९२९ साली चर्चगेट हे शेवटचे स्थानक नव्हतेच. ते वाटेवरचे एक स्थानक होते आणि ही गोष्ट ध्यानात घेतली की त्याच्या रचनेतील बरीच कोडी उलगडतात.

क्रमाने सांगतो. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची 'बीबी अँड सीआय', ही गुजरातेकडून मुंबईत आली. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी तिची गाडी ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि काही काळ ग्रँट रोड हेच तिचे मुंबईतील टोक होते. पुढे समुद्राच्या कडेने रूळ दक्षिणेकडे सरकत गेले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातला ती विरारहून निघे आणि संध्याकाळी साडेपाचला परत फिरे. दिवसाला एक फेरी, एवढाच तिचा व्याप होता. चर्चगेट स्थानक १८७० मध्ये उघडले आणि १८७३ मध्ये मार्ग कुलाब्यापर्यंत गेला. कुलाब्यापर्यंत जाण्यास एक ठोस व्यापारी कारणही होते. त्या काळी मुंबईचा कापसाचा बाजार कुलाब्याला भरत असे आणि गुजरातेतून येणाऱ्या गाठी थेट तेथे उतरवणे सोयीचे होते. (हा बाजार नंतर शिवडीच्या बाजूला हलला आणि हार्बर मार्गावरील स्थानकाला कॉटन ग्रीन हे नाव देऊन गेला.) १८९६ मध्ये कुलाब्याला स्थानकाची नवी इमारतही झाली.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. हा मार्ग रेल्वेच्या सोयीसाठी काढला गेला नाही. तो बॅकबेच्या भरणीपायी गेला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ओव्हलच्या पश्चिमेला रूळ आणि रुळांपलीकडे थेट समुद्र, अशी स्थिती होती. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बॅकबेचा उपसागर भरून १,१४५ एकर जमीन मिळवण्याची प्रचंड योजना हाती घेतली. नवी वस्ती समुद्राच्या बाजूला वसणार आणि जुने शहर पूर्वेला राहणार, तर मधून धावणारे रूळ अडचणीचे होणार, हे उघड होते. त्यामुळे चर्चगेटच्या दक्षिणेचा मार्ग काढून ती जमीन मोकळी करावी, असे ठरले. मात्र कुलाब्याहून केवळ लोकल सुटत नव्हत्या. लांब पल्ल्याच्या गाड्याही तेथूनच निघत आणि १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलही त्यांत होती. या गाड्यांना चर्चगेटला सामावून घेणे शक्य नव्हते. म्हणून बेलासिस रोडजवळ क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बॉम्बे सेंट्रल उभारले गेले आणि १८ डिसेंबर १९३० रोजी ते सुरू झाले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत, ३१ डिसेंबर १९३० रोजी, कुलाबा स्थानक बंद झाले आणि नव्या वर्षापासून लोकल चर्चगेटला थांबून परत फिरू लागल्या. मुंबईच्या पश्चिम मार्गावर लोकल एका ठिकाणाहून आणि मेल दुसऱ्या ठिकाणाहून, ही जी विभागणी आपण आज गृहीत धरतो, तिचा जन्म त्या एका पंधरवड्यातला आहे.

ज्या भरणीसाठी एवढा खटाटोप झाला, ती योजना पुढे पुरती बदनाम झाली. खर्च अंदाजापलीकडे गेला आणि त्या काळात ठरल्यापैकी निम्मी जमीनदेखील तयार झाली नाही. या कारभारावर सर्वांत जोरदार तोफ डागली ती खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. आपण स्थानकातून बाहेर पडून जो वीर नरिमन रस्ता ओलांडता, तो त्यांच्याच नावाचा आहे. ज्या योजनेमुळे चर्चगेट हे शेवटचे स्थानक बनले, तिच्या सर्वांत निर्भीड टीकाकाराचे नाव नेमके स्थानकाच्या दारातील रस्त्याला आहे, हे मला प्रथम कळले तेव्हा मी त्या फलकासमोर बराच वेळ उभा राहिलो होतो.

या रस्त्याचे जुने नाव चर्चगेट स्ट्रीट, आणि तेच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मुंबईच्या किल्ल्याला अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट असे तीन दरवाजे होते. १७१८ मध्ये उघडलेल्या सेंट थॉमस चर्चकडे ज्या दरवाजातून जाता येई, तो चर्च गेट. तो आजच्या फ्लोरा फाउंटनच्या परिसरात होता, म्हणजे स्थानकापासून चांगलाच पूर्वेला. १८६०च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तटबंदी पाडली गेली, दरवाजाही गेला. म्हणजे स्थानक उघडले तेव्हा ज्याचे नाव त्याला मिळाले ते 'गेट' अस्तित्वातच नव्हते. चर्च मात्र हॉर्निमन सर्कलजवळ आजही उभे आहे आणि स्थानकापासून नाकासमोर पूर्वेकडे चालत गेल्यास सापडते.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. स्थानकाच्या पूर्वेला, महर्षी कर्वे रस्त्यापलीकडे, घुमटांची जी देखणी दगडी इमारत आहे तिला अनेक पाहुणे जुने चर्चगेट स्थानक समजतात. ती स्थानक कधीच नव्हती. १८९९ मध्ये पूर्ण झालेले ते बीबी अँड सीआयचे मुख्यालय आणि आज ते पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. तिचे वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, म्हणजे ज्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनस उभारले तेच. एकाच वास्तुरचनाकाराने दोन रेल्वे कंपन्यांसाठी काम केले. तिकडे मुख्यालय आणि शेवटचे स्थानक एकाच वास्तूत आले, आणि इकडे मुख्यालय वेगळे, स्थानक साधे. कारण स्टीव्हन्स काम करत होते तेव्हा या कंपनीचे शेवटचे स्थानक कुलाब्याला होते आणि चर्चगेट हा वाटेवरचा थांबा होता. थांब्यासाठी कोणी महाल बांधत नाही.

सांधेवाला यांचे उत्तर:

वरील उत्तर उत्तम आहे. इतिहासात माझी गती नाही, परंतु उपनगरी गाड्यांच्या परिचालनात माझी नोकरीची तीस वर्षे गेली असल्यामुळे तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

प्रथम मार्गांची मांडणी पाहा. चर्चगेट ते मुंबई सेंट्रल चार रूळमार्ग आहेत: पश्चिमेची जोडी धीम्या गाड्यांची, पूर्वेची जोडी जलद गाड्यांची. त्यानुसार सर्वसाधारणपणे एक आणि दोन क्रमांकाचे फलाट धीम्या गाड्यांकडे, तर तीन आणि चार जलद गाड्यांकडे असतात. म्हणजे हे चार फलाटांचे एक स्थानक मानण्यापेक्षा दोन-दोन फलाटांची दोन टोके शेजारीशेजारी ठेवली आहेत असे समजा. नेहमीच्या दिवशी एका जोडीतील गाडीला दुसऱ्या जोडीच्या वाटेत यावे लागत नाही आणि हाच या रचनेचा सर्वांत मोठा गुण आहे.

आता एकाच जोडीकडे पाहू. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने धावतात. उत्तरेकडे तोंड केले तर डावीकडचा, म्हणजे पश्चिमेचा मार्ग विरारकडे जाणारा डाउन, आणि त्याच्या उजवीकडचा चर्चगेटकडे येणारा अप. फलाटांच्या उत्तरेला दोन्ही मार्ग जोडणारे सांधे आहेत. येणारी गाडी उजवीकडच्या फलाटावर घेतली तर ती सरळ येते. डावीकडच्या फलाटावर घ्यायची असेल तर तिला जाणाऱ्या गाडीचा मार्ग कापावा लागतो. उलट, डावीकडच्या फलाटावरची गाडी सरळ बाहेर पडते, उजवीकडची बाहेर पडताना येणाऱ्या गाडीचा मार्ग अडवते. त्यामुळे डावीकडून एक सुटत असताना उजवीकडे दुसरी येणे, ही सर्वांत सुखाची घडी. पुढच्याच खेपेला हे चित्र उलटते, कारण आलेली गाडी आता उजवीकडे उभी आहे आणि रिकामी जागा डावीकडे आहे. त्या वेळी एक बाहेर पडल्याशिवाय दुसरी आत येऊ शकत नाही. मरीन लाइन्स सोडल्यावर गाडी कधी कधी चर्चगेटच्या तोंडाशी मिनिटभर थबकते आणि प्रवासी घड्याळाकडे पाहू लागतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच अडचण असते. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांना येणाऱ्या गाडीसाठी हा डाव सतत मांडत राहणे, हे वेळापत्रक बनवणाऱ्याचे आणि सिग्नलच्या केबिनमध्ये बसलेल्याचे खरे कौशल्य.

दुसरी गोष्ट गाडीच्या रचनेची. लोकलच्या दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या नसत्या, तर चर्चगेटला एवढ्या थोड्या फलाटांत टोक करणे फार अवघड गेले असते, असे माझे मत आहे. वाफेच्या गाडीला टोकाला पोहोचल्यावर इंजिन सोडवून, फिरवून, दुसऱ्या टोकाला लावावे लागते. त्यासाठी वेगळा मार्ग हवा, पाणी हवे, कोळसा हवा आणि वेळ हवा. विजेच्या गाडीला यांपैकी काहीच लागत नाही. पुढची केबिन मागची होते, एवढेच. त्यातही गर्दीच्या वेळी आलेल्या मोटरमनने बारा डब्यांची लांबी, म्हणजे जवळजवळ अडीचशे मीटर, चालत दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत गाडी खोळंबू नये म्हणून उत्तरेच्या टोकाला दुसरा मोटरमन आधीच येऊन उभा राहतो. गाडी थांबताच तो आपल्या केबिनचा ताबा घेतो आणि आलेला मोटरमन सावकाश चालत जाऊन मागून येणारी गाडी घेतो. अशी साखळी दिवसभर चालते.

गाडी सांभाळण्याची कोणतीही मोठी कामे चर्चगेटला होत नाहीत, हेही लक्षात घ्या. देखभालीच्या कारशेड मुंबई सेंट्रल, कांदिवली आणि विरार येथे आहेत. चर्चगेटला गाडी आली की तिने परत जायचे, एवढाच नियम.

टोकाच्या स्थानकाचा एक धोका असतो आणि त्याचा उल्लेख टाळणे योग्य नाही. वाटेवरच्या स्थानकात गाडी थोडी पुढे गेली तर फार बिघडत नाही. येथे रूळ संपतात. २८ जून २०१५ रोजी भाईंदरहून आलेली गाडी तीन क्रमांकाच्या फलाटावर थांबली नाही आणि टोकाचा बफर, म्हणजे गाडी अडवणारा अडसर, ओलांडून वर चढली. रविवार होता म्हणून गर्दी कमी होती आणि काही जण जखमी होण्यावर निभावले. चर्चगेटला शिरताना गाडी इतकी हळू का चालते, असा प्रश्न पडणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

कुलाबकर यांचे उत्तर:

माझे बालपण कुलाब्यात गेले. कुलाबा स्थानक मी अर्थातच पाहिलेले नाही, पण ते कोठे होते हे आमच्या वाडीतील वयस्कर मंडळी हाताने दाखवत असत. आज जेथे बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, तेथे ते स्थानक आणि त्याचे यार्ड होते. रेल्वे गेली तरी त्या जागेवरचा रेल्वेचा हक्क असा टिकून राहिला. वसाहतीला रेल्वे मंडळाचे पहिले भारतीय अध्यक्ष एफ. सी. बधवार यांचे नाव दिलेले आहे.

ओव्हलकाठ यांनी एखाद्या रविवारी सकाळी हा मार्ग पायी चालून पाहावा. अर्ध्या-पाऊण तासाची चाल आहे. स्थानकाच्या दक्षिण दारातून भुयारी मार्गाने पलीकडे निघून ओव्हलच्या पश्चिम कडेने कूपरेजच्या दिशेने निघा. डाव्या हाताला मैदान आणि त्यापलीकडे उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर; उजव्या हाताला १९३०च्या दशकातील गोलसर सज्जांच्या इमारतींची रांग. या दोन रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मैदानापलीकडच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यासमोर रूळ आणि समुद्र होता. अलीकडच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा रूळ उठले होते आणि समुद्र मागे हटला होता. रेल्वे हटली नसती तर ही दुसरी रांग आजच्या रूपात दिसली नसती. रुळांचा मागमूस कोठेही उरलेला नाही, याची मात्र मनाची तयारी ठेवून जावे.

पोस्टकार्डातील 'उलटा कुलाब्यास जाऊन' हे वाचून फार बरे वाटले. आज मरीन लाइन्स आणि चर्नी रोडला काम करणारी माणसे संध्याकाळी चर्चगेटला येणाऱ्या गाडीत बसून तशीच परत जातात, ते हेच. आपल्या आजोबांच्या वेळी चर्चगेटची माणसे कुलाब्याला जात होती. टोक दोन स्थानके अलीकडे आले, पण बसायला जागा मिळवण्याचा मार्ग तोच राहिला. एक सूचना मात्र करावीशी वाटते: असे उलटे जाणाऱ्यांचा पास चर्चगेटपर्यंतचा असावा लागतो, मरीन लाइन्सपर्यंतचा पास चालत नाही.

ओव्हलकाठ:

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मुद्दाम उत्तरेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. सांधेवाला यांनी लिहिल्याप्रमाणे दुसरा मोटरमन खरोखरच बॅग घेऊन फलाटावर उभा होता. बावीस वर्षांत मी त्याला एकदाही पाहिले नव्हते.

कुलाबकरांना एक विचारायचे आहे. त्यांनी 'दोन स्थानके अलीकडे' असे लिहिले आहे. चर्चगेट आणि कुलाबा यांच्या मध्ये आणखी एखादे स्थानक होते का? तसे असेल तर त्याची जागा कोठे होती?

कुलाबकर:

माझ्या लिहिण्यात चूक झाली, क्षमस्व. टोक एकच स्थानक अलीकडे आले, चर्चगेटनंतर थेट कुलाबा, असे वाचावे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे.

जुना नकाशा:

या निमित्ताने एक भर घालतो. ९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला आहे. तिचे चर्चगेट स्थानक जमशेदजी टाटा रस्त्याखाली आहे आणि तेथून गाडी विधान भवनमार्गे कफ परेडला जाते. म्हणजे ३१ डिसेंबर १९३० नंतर जवळजवळ पंचाण्णव वर्षांनी चर्चगेटहून दक्षिणेकडे पुन्हा रेल्वे धावू लागली आहे, या वेळी जमिनीखालून. ओव्हलकाठ यांनी जाताना कुलाबकरांच्या वाटेने चालत जावे, बधवार पार्क पाहावे आणि परतताना कफ परेडहून मेट्रोने चर्चगेटला यावे. ते पोस्टकार्ड बरोबर न्यायचे असेल तर प्लास्टिकच्या पाकिटात घालून न्यावे; त्या काळच्या कार्डाची शाई घामाच्या हाताने पसरते.